मान न हलवणाऱ्या मालनबाई

मालनबाई मान हलवत नसत. होकाराला नाही आणि नकारालाही नाही. समोरचा बोलत असला की आपण सगळे जी मुंडी डोलावत बसतो, ती सोय त्यांच्याकडे नव्हतीच. हो म्हणायचं असलं की तोंडानं "हाव" म्हणायच्या, नाही म्हणायचं असलं की उजव्या हाताचा पंजा जरासा उचलायच्या. मान मात्र खांद्यांवर खिळे ठोकून बसवल्यासारखी ताठ.

लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये मी इंग्रजी शिकवायची, तिथं त्या जीवशास्त्र शिकवायला आल्या. स्टाफरूम म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल आणि दोन खुर्च्या. मी तेव्हा तिशीतली. टाचेच्या चपला, केसांवर चढवलेला गॉगल, आणि लातुरात जे काही इंग्रजी येतं ते आपल्यामुळेच, असा पक्का समज. पहिल्याच दिवशी मी त्यांना माझ्या सासरची सगळी कहाणी ऐकवली. बोलणाऱ्याला दाद लागते. इथं मी रंगात आलेली आणि समोर पुतळा. शेवटी न राहवून विचारलं, "ऐकताय ना तुम्ही?"

"हाव. सासूबाईच्या गुडघ्यापर्यंत आलं. पुढं सांगा."

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "नवीन बाई आलीय. भयंकर गर्विष्ठ." माझी माणसं ओळखण्याची नजर तेव्हापासून अशी तेज. आता नातवंडं चिडवतात, आजी, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला. मी म्हणते, चष्मा खरा तर तेव्हाच लागायला हवा होता.

भूकंप होऊन गेलेला होता, पण गेलेला वाटत नव्हता. गावाच्या एका अंगाला पत्र्याच्या शेडी उभ्या होत्या, दुसऱ्या अंगाला क्लासच्या पाट्या. उदगीर, अहमदपूर, शिरूर अनंतपाळहून पोरं पत्र्याची पेटी आणि डबाभर शेंगदाण्याची चटणी घेऊन यायची, भाड्याच्या खोलीत चौघं-पाचजणं राहायची आणि डॉक्टर व्हायचं म्हणून सकाळपासून बाकावर बसायची. पण त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की जमीन हलू शकते. मधूनच बारीकसा धक्का यायचा. त्या दिवसांत आम्हाला सगळ्यांनाच एक सवय लागली होती, दुसऱ्याच्या हाताकडे बघायची. कुणी चटकन दाराची चौकट धरली की "काय झालं?" असं कुणी विचारत नसे. विचारायचं ते रस्त्यावर पोहोचल्यावर.

मालनबाई एकदा गंजगोलाईत माझ्या अगदी समोरून गेल्या आणि ओळख दिली नाही. मी नवी साडी नेसलेली, त्यामुळे तो अपमान मला दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी पाठ फिरवून बसले. मग त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र माझ्यापुढं सरकवलं.

"शैलाबाई, हे धरा. आता मान डावी-उजवी हलवत वाचा."

मी वाचलं. बाजारभाव सोयाबीनसकट स्पष्ट दिसत होते.

"आता मान तशीच ठेवा, पेपर हलवा."

अक्षरांचा पार काला झाला.

"काहून झालं असं?"

"पेपर हलला म्हणून," मी म्हटलं.

"मघाशी डोकं हललंच की. डोक्यासंगं डोळेबी हलले. तवा काहून नाही झाला काला?"

मी पेपर पुन्हा हलवून पाहिला. इंग्रजीच्या बाया गप्प बसल्याचं लातूरला फारसं कुणी पाहिलेलं नसेल.

मग त्यांनी सांगितलं. डोकं डावीकडे वळलं की कानाच्या आत बसवलेलं एक इवलंसं यंत्र ते डोळ्यांना कळवतं आणि डोळे तेवढेच उजवीकडे सरकतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून चालताना, पळताना, मान डोलावताना जग आपलं जागच्या जागी राहतं. एवढं सांगून त्यांनी वर्तमानपत्र स्वतःच्या हातात घेतलं, मान तशीच डावी-उजवी फिरवली आणि डोळे मिटून टेबलाची कड धरली.

"माझा दोन्ही बारीला काला व्हतो."

त्या औसा तालुक्यातल्या एका गावात दिलेल्या होत्या. त्या पहाटे घर आणि नवरा दोन्ही गेलं. बाईंना दगडमातीखालून काढलं तेव्हा पाय चेचलेला होता. जखम चिघळली, विष अंगभर पसरायला लागलं, म्हणून दवाखान्यात जालीम इंजेक्शनं द्यावी लागली. जीव वाचला. पण त्या औषधानं दोन्ही कानांतली ती इवली यंत्रं जळून गेली. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की ह्याला इलाज नाही, सवय करून घ्या. तेव्हापासून बाई पाऊल टाकायच्या आणि रस्ता उडी मारायचा. माणसांची तोंडं पुसट व्हायची, पाट्या वाचता यायच्या नाहीत. मान हलवली की समोरचं सगळं जगच मान हलवायचं.

"औषधानं मला मातीतून काढलं न् पायाखालची माती काढून घेतली," त्या म्हणाल्या. "समद्यांची जमीन थांबली, शैला. माझी अजून हलून राहिली."

त्या दिवसापासून मी त्यांना 'शैलाबाई' नव्हते, 'शैला' होते. आणि गंजगोलाईत ज्या तोंडाची ओळख दिली नाही म्हणून मी फुगून बसले होते, ते तोंड त्यांना दिसलंच नव्हतं. मी उगाच त्याला पावडर लावली होती.

वर्गात त्या डोळा शिकवायला लागल्या की शेजारच्या वर्गातली पोरं येऊन खिडकीला लटकायची. एकदा सगळ्यांना म्हणाल्या, "घरी जाऊन आरशापुढं उभं राहा. स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या डोळ्यात. डोळा सरकताना दिसतो का ते उद्या सांगा." पोरांनी केलं का माहीत नाही, मी मात्र अख्खा रविवार आरशापुढं काढला. नवरा शेजारी उभा राहून म्हणत होता, "अगं, तुझे डोळे कथ्थक करून राहिलेत," आणि मला माझे डोळे स्थिरच दिसत होते. दर वेळी मी पोचायच्या आधीच ते तिथं पोचलेले. स्वयंपाक राहिला, वरणाचा कोळसा झाला. आपल्याला आपलेच डोळे फसवतात याचा मला एवढा राग आला की मी सोमवारी तावातावानं बाईंकडे गेले.

"डोळा उडी मारतो तेवढ्या वेळात मेंदू बघणंच कमी करून टाकतो," त्या म्हणाल्या. "न्हाईतर दिवसभर तुझं जग झटके खात बसंल. आन् डोळ्याला हुकूम सोडतानाच तो स्वतःला बजावून ठेवतो, की आता जे हलंल ते माझं हाय, जगाचं न्हाई. आता बोटानं पापणीवरून डोळा हळूच ढकल बरं."

मी ढकलला. टेबल, खुर्ची, मालनबाई, सगळं सरकलं.

"बघ. बोटानं मेंदूला विचारलं न्हाई, म्हणून मेंदूनं जगावर आळ घेतला."

हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी कुणाबद्दल वाईट बोलायला लागलं की म्हणायच्या, "थांब, आधी बघ, जग हललं का तुझा डोळा." स्वतःपुरता त्यांनी उपाय शोधलेला होता. वर्गात टेबलावर काचेचा पाण्याचा गिलास ठेवायच्या. पायाखाली काही झाल्यासारखं वाटलं की त्याच्याकडे बघायच्या. पाणी थिर असलं की हलणं आपलं, पाणी थरथरलं तर जमिनीचं.

पण ह्या बाईच्या हुशारीचं कौतुक सांगायला मी बसलेली नाही. त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो मी रोज जवळून बघत होते. माहेर नांदेडकडच्या उमरीचं. आई-वडील गेलेले, एक भाऊ. भाऊ चांगला होता, पण गावानं बाईंचा निकाल कधीच लावून टाकला होता. "मी उमरीच्या गल्लीतून चालले की बाया पदर तोंडाला लावत्यात," त्या सांगायच्या. "एक म्हणती पिऊन आली, दुसरी म्हणती काहीतरी मागं लागलंय. वहिनी लेकराला माझ्या कडेवर देत न्हाई. खरं हाय तिचं, मी पडले तर? इथं फळ्यापुढं उभी राहिले की मी मास्तरीण हाय. हितं हलावं लागत न्हाई ना." भावानं त्यांना उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. क्लासनं पुढच्या वर्षाला ठेवलं तर लातुरात राहायचं, नाही ठेवलं तर तो येऊन घेऊन जाणार. बाई ते उमरीला परत जाणं असं उच्चारायच्या की जणू पुन्हा दगडांखाली जायचंय.

आणि नेमकं तेव्हाच क्लासचं भाग्य उजळलं. तिसऱ्या मजल्यावर नवा हॉल झाला, दोन-अडीचशे पोरं मावतील एवढा. जिना मात्र जुनाच, अरुंद. लांब वायरचा माइक आला. क्लास चालवणाऱ्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. सरांची इच्छा अशी की शिक्षकानं बाकांमधून फिरत शिकवावं, मागच्या लेकरालाही बाई जवळ वाटली पाहिजे. मालनबाईंनी त्यांना आपलं दुखणं सांगितलेलं नव्हतं. सांगितलं तर ठेवणार कोण? त्या टेबल धरून उभ्या राहायच्या, वळायचं झालं तर किल्ल्यावरची तोफ वळवावी तशा सबंध वळायच्या. पोरांना वाटायचं, बाईंचा रुबाब आहे.

परीक्षेच्या आधीचे दिवस. सर काही पालकांना हॉल दाखवायला घेऊन आले आणि मागच्या दारातून बाईंना हातानं खुणावू लागले, फिरा, फिरा. पुढच्या वर्षाचं त्याच आठवड्यात ठरायचं होतं. बाई व्यासपीठावरून खाली उतरल्या. माइक हातात, बोलणं चालू, एकेक बाक धरत त्या दारापर्यंत पोहोचल्या. तेवढ्यात मागून कुण्या पोरीनं हाक मारली, "बाई!" आणि त्या सवयीनं, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या सवयीनं, झटक्यात वळल्या.

सगळा हॉल त्यांच्याभोवती गरगरला. बाईंनी दाराची चौकट धरली.

बस, एवढंच झालं. दोन-अडीचशे लेकरांनी तो हात पाहिला.

मी खालच्या मजल्यावर कर्मणी प्रयोग शिकवत होते. डोक्यावरून पत्रे घरंगळत जावेत तसा आवाज आला. संकटात धीर सोडू नये, हा धडा मी आदल्याच दिवशी फार सुंदर शिकवला होता. माझ्या वर्गातली पोरं रस्त्यावर आली तेव्हा मी तिथं आधीच उभी होते, हातात खडू, एका पायात चप्पल. वरून माइकमधून बाईंचा आवाज सबंध गल्लीला ऐकू येत होता, "बसा! काही हललं नाही! पाण्याकडे बघा, गिलासातलं पाणी बघा!" पाणी थिरच असणार. पण पाण्याकडे बघायला हॉलमध्ये उरलं होतं कोण? आणि जी बाई चौकट सोडत नाही, तिच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

मी वर गेले. बाकांवर वह्या-दप्तरं विखुरलेली, जिनाभर चपलांचा खच. बाई अजून चौकटीतच उभ्या होत्या.

"कोण पडलं, शैला?"

"कुणी नाही. जरा खरचटलंय पोरांना."

"खोटं नको बोलू. मला चालताना दिसत न्हाई. ऐकू येतं."

उदगीरची शबाना पडली होती. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. बाकीच्यांचं थोडक्यावर भागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरांपुढं बसलो. बाईंनी आता सगळं सांगितलं, कान, इंजेक्शनं, डोळे. सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही गावाकडचं घर पडलेलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मी स्वतः पळालो काल. पालकांना तिथंच सोडून," ते म्हणाले. "तुमचं सगळं खरं आहे. पण लेकरं तुमच्या हाताकडं बघून राहणार. तुम्ही शिंकलात तरी हॉल रिकामा होईल."

"मला खालच्या मजल्यावर द्या. खुर्चीवर बसून शिकवते. खुर्चीवरून उठणार न्हाई."

"भूकंपाची बाई म्हणायला लागलेत लोक तुम्हाला. नाव पडलं बाई. क्लास नावावर चालतो."

मी ताडकन उठून राजीनाम्याची धमकी दिली. जास्त लागावी म्हणून इंग्रजीतून दिली. सरांनी ती मराठीतून मंजूर करायची तयारी दाखवली. टेबलाखालून बाईंनी माझा हात दाबला. "खाली बस. तुला घर हाय." मी बसले. माझ्या इंग्रजीचा उपयोग आयुष्यात असा वेळेवर झालेला मला आठवत नाही.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मला शबानाकडे ने."

शबाना खोलीवर पडून होती. तिचे अब्बा उदगीरला शिवणकाम करायचे, ते दुकान बंद करून आले होते. बाईंना दारात पाहून उठून उभे राहिले, पण "या" म्हणाले नाहीत. "बाई, काय बी सांगू नका. पोरगी आता पत्र्याखालीबी बसायला राजी न्हाई. डॉक्टर व्हईल म्हणून आणली होती मी तिला."

बाई भिंतीच्या आधारानं पोरीच्या उशाशी जाऊन बसल्या. शबानानंच आधी विचारलं. "बाई, खरंच नव्हतं हललं? मी पाहिली ना भिंत हलताना. जिना हलत होता."

"तू पळून राहिली होतीस, बाळा. पळताना डोळ्यात भिंत हलतेच. रोजच हलते. रोज तुझा मेंदू म्हणतो, हे माझं पळणं हाय, भिंतीचं न्हाई. काल माझा हात बघून त्यानं भिंतीवर आळ घेतला. चूक माझ्या हाताची हाय, तुझी न्हाई. आता त्या भिंतीकडं बघ. नुसते डोळे फिरव."

"नाही हलत."

"आता पापणीवरून हळूच बोट."

शबानानं चांगल्या हाताचं बोट लावलं. थोडा वेळ लावूनच राहिली. मग म्हणाली, "हलतीया. पण भिंत नाही हलत. बोट हलतंय."

"झालं. एवढंच कळायचं होतं."

"तुम्हाला कायम असं दिसतं? मग भ्या नाही वाटत?"

"वाटतं की. दर पावलाला. ह्या भिंतीपासून त्या दारापर्यंत मी दहा बारी भिते न् मग पोचते." आणि बाई हसल्या. पहिल्यांदाच मी त्यांना मोकळं हसताना पाहिलं.

शबानाचे अब्बा आमच्याकडे पाठ करून चहा ओतत होते. कप बाईंच्या हातात देताना म्हणाले, "माफ करा, बाई. मी बोलतो तुमच्या सरांशी. ज्याची पोर पडली त्यानंच सांगितल्यावर काय म्हणतील?"

ते खरंच गेले. मी आणि बाई रस्त्याच्या कडेला वाट बघत उभ्या राहिलो. बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. तेवढ्या वेळात त्यांनी मला पुढच्या वर्षीचं सगळं सांगून टाकलं, खालच्या मजल्यावरची खोली, फळा कुठल्या भिंतीला हवा ते. अब्बा परतले. सरांनी बसवून घेतलं, चहा पाजला, सगळं मान्य केलं. पण नवे जीवशास्त्राचे सर सकाळीच रुजू झाले होते. बाईंनी माझ्या दंडावरची पकड सोडली. "बरं झालं," म्हणाल्या, "लेकरांचा तास बुडाला न्हाई." मला तेव्हा कुणी भांडायला मिळालं असतं तर मी त्याचा जीव घेतला असता. कुणी मिळालं नाही. ज्याला म्हणून दोष द्यायला जावं तो बिचारा निघत होता.

शबाना पुढं डॉक्टर झाली नाही, उदगीरला शाळेत शिक्षिका झाली. मालनबाई उमरीला फार वर्षं काढू शकल्या नाहीत. भावाचं पत्र मला उशिरा मिळालं, मी गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यामुळे आमची शेवटची भेट बस स्टँडवरचीच.

भाऊ न्यायला आला होता. नांदेडची गाडी लागलेली, तो सामान चढवत होता. बाई फलाटाचा खांब धरून उभ्या होत्या. मी बोलतच होते, पत्र टाका, गोळ्या घ्या, मी येईन, दिवाळीला येईन. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"शैला, इथं समोर उभी राहा. जरा वेळ बोलू नको. हलूबी नको."

"का?"

"गाडी थरथरायला लागली की खिडकीतून मला काही दिसत न्हाई, समदं पुसून जातं. तू तिथं उभी राहून हात करशील न् मला कळणारबी न्हाई. आत्ताच बघून घेते."

मी उभी राहिले. त्या माझ्याकडे बघत होत्या. कपाळ, कुंकू, कानामागं नुकत्याच पांढऱ्या झालेल्या दोन बटा, ज्या मी साऱ्या लातूरपासून लपवल्या होत्या. मला हुंदका आला, खांदे हलले.

"हलू नको गं."

मी श्वास धरून ठेवला. आयुष्यात मी एवढी गप्प कधी उभी राहिले नव्हते. भावानं त्यांचा हात धरून वर चढवलं. त्या खिडकीशी बसल्या. गाडी सुरू झाली तसे त्यांनी डोळे मिटून घेतले, तोंड मात्र माझ्याच बाजूला होतं.

गाडी हलली. माझ्या दोन्ही बाजूंनी पिशव्या, पेट्या, लेकरं घेऊन माणसं धावत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, सरका की बाजूला, काय खांब हाय का तुम्ही?"

मी सरकले नाही.